जुन्या पिकअपचं सेंटर बेअरिंग, नऊ महिने आणि २१ हजार किलोमीटर वापरानंतरचा अनुभव

आमची पिकअप २००९ ची आहे, मीटरवर २ लाख ८० हजारच्या पुढे गेलंय. काम म्हणजे टोमॅटो आणि कांदा, नारायणगाववरून ओतूर, माळशेज, मुरबाड, कल्याण करत वाशी मार्केट. सीझनला आठवड्यातून तीन खेपा होतात, ६५ क्रेट टाकले की १३०० किलोच्या आसपास वजन बसतं. हे आधीच सांगितलं कारण सेंटर बेअरिंग (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब शाफ्ट मधोमध धरून ठेवणारं बेअरिंग) किती टिकणार ते लोडवर आणि रस्त्यावर ठरतं, रिकाम्या गाडीचा अनुभव लोडवाल्याच्या फार कामाचा नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्रास सुरू झाला. लोडेड गाडी पहिल्या गिअरमध्ये उचलली की सीटखालून हुडहुडी भरल्यासारखी थरथर यायची, गाडीने १५-२० चा वेग घेतला की बंद. शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये तर दर दहा फुटाला हेच, तासभर गाडी थांबवा-उचला करताना असं वाटायचं की आता काहीतरी तुटून खाली पडणार. मिस्त्रीने ऐकल्या ऐकल्या सांगितलं क्लच गेला. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग सगळं बदललं, साडेनऊ हजार गेले, आणि दुसऱ्या दिवशी लोड भरून निघालो तर थरथर जशीच्या तशी.

तेव्हा एक गोष्ट कळायला पाहिजे होती ती आता सांगतो. क्लचची थरथर ही पेडल सोडताना, क्लच धरतोय तेवढ्याच वेळात येते, पाय पूर्ण काढला की थांबते. आमच्या गाडीत पाय पूर्ण काढल्यावर पण दोन-तीन सेकंद चालायची, आणि रिकाम्या गाडीत जवळजवळ नाहीच. हे ज्याच्या गाडीत होतंय त्याने क्लच उघडायच्या आधी खाली वाकून शाफ्ट बघावा, खरंच सांगतो, साडेनऊ हजार वाचतील.

पुढे महिन्याभरात आवाज पण सुरू झाला, ४५ च्या पुढे घर्र घर्र, वेगाबरोबर वाढणारा. मुरबाडच्या अलीकडे सरळ मोकळा रस्ता आहे तिथे ६० ला गाडी नेऊन न्यूट्रल केली (घाटात हा प्रयोग चुकूनसुद्धा करू नका). इंजिन आयडलला आलं तरी आवाज तसाच, म्हणजे इंजिन आणि क्लचचा संबंध संपला. डावी-उजवी वळणं घेताना आवाजात फरक पडला असता तर चाकाच्या बेअरिंगवर संशय गेला असता, रेस दिल्यावर आणि सोडल्यावर बदलला असता तर डिफरन्शियलवर (मागच्या चाकांच्या मधला गिअरचा गोळा), तसं दोन्ही नव्हतं. मग धाकट्या भावाने मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून फोन एकदा केबिनमध्ये ठेवला, एकदा हौद्यात पुढच्या बाजूला, एकदा अगदी मागे. हौद्याच्या पुढच्या बाजूचं रेकॉर्डिंग ऐकलं आणि शंकाच राहिली नाही, कारण बरोब्बर त्याच्या खाली सेंटर बेअरिंग.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लांब गाडीत प्रोपेलर शाफ्ट एका तुकड्याचा नसतो, दोन तुकडे असतात आणि मधल्या जोडाजवळ चेसिसच्या क्रॉस मेंबरला एक ब्रॅकेट टांगलेलं असतं, त्यात जाड रबर आणि रबरात बेअरिंग. त्यामुळे बिघाड दोन प्रकारचा असतो. रबर फाटलं की शाफ्ट लोडवर वर-खाली उड्या मारतो, ती आपली थरथर. बेअरिंगच्या गोळ्या गेल्या की घरघर. आमच्याकडे आधी रबर गेलं आणि फाटक्या रबरात हलून हलून बेअरिंग गेलं. गाडी बंद करून, चारही चाकांना दगड लावून, खाली जाऊन शाफ्ट हाताने वर ढकलला तर बोटभर हलत होता. रबराला अर्धा गोल चीर पडलेली आणि त्यावर तेलाचा चिकट थर.

दगडांबद्दल थांबून सांगतो कारण हा जिवाचा प्रश्न आहे. शाफ्ट सोडला की गिअरमध्ये ठेवलेली गाडी गिअरवर थांबत नाही, चाकं आणि गिअरबॉक्स यांच्यातली जोडणीच काढलेली असते. काही गाड्यांना हँडब्रेक पण गिअरबॉक्सच्या मागे असतो, तिथे तर तोही गेला. सपाट जागा, चाकांना दगड, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीच जायचं नाही.

आता पहिलं बेअरिंग. दुकानदाराने दिलं तेच घेतलं, ६५० रुपये, गावातच बसवलं, दोन महिन्यात संपलं. दोष फक्त मालाचा नव्हता. जुनं आणि नवं शेजारी ठेवून व्हर्नियरने मोजलं तेव्हा दिसलं की ब्रॅकेटच्या बुडापासून बेअरिंगच्या मध्यापर्यंतची उंची ४ मिलिमीटरने वेगळी, म्हणजे शाफ्टचा मधला जोड तेवढा सरकलेला आणि क्रॉसचा (शाफ्टच्या जोडातला अधिकच्या चिन्हासारखा तुकडा) अँगल बिघडलेला. त्यात बसवताना हातोडीने बाहेरच्या रिंगवर ठोकलेलं, ती ठोक आतल्या गोळ्या सोसतात. आणि शाफ्ट सोडताना खुणा केलेल्याच नव्हत्या, स्प्लाइन (शाफ्टचे तुकडे दातांनी एकमेकांत बसतात तो जोड) एक दाता इकडे तिकडे बसला, दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत राहिले नाहीत, तेव्हापासून ५५ ला नवीनच व्हायब्रेशन सुरू झालं जे आधी कधी नव्हतं.

दुसऱ्या वेळी जुना पीस बरोबर घेऊन नाशिकला गेलो, आतलं भोक, दोन बोल्टमधलं अंतर, उंची, तिन्ही माप जुळवून १४५० ला घेतलं. शाफ्ट लेथवाल्या काकांकडे दिला, त्यांनी आधी योक रेषेत आणले, पंचाने खुणा मारल्या, मग प्रेसवर फक्त आतल्या रिंगवर दाब देऊन बेअरिंग बसवलं, दहा मिनिटांचं काम. तिन्ही क्रॉस पण बदलले, एक जाम होता. ब्रॅकेटखाली दोन पातळ पट्ट्या होत्या त्या मिस्त्री भंगार समजून टाकत होता, त्या मी उचलून परत लावायला लावल्या, अँगल बरोबर राहावा म्हणूनच कंपनीतून लावलेल्या असतात. बोल्ट आधी सैल ठेवले, गाडी हाताने मागे-पुढे ढकलली, रबर स्वतःहून सरळ बसलं, मगच आवळले. रबर ताणात आवळलं तर ते पहिल्या दिवसापासून फाटायला लागतं.

एवढं करून पण मूळ कारण तसंच ठेवलं असतं तर तिसरं बेअरिंग घ्यावं लागलं असतं. गिअरबॉक्सचं मागचं ऑइल सील गळत होतं, ते तेल उडून थेट रबरावर. शिवाय दर सर्व्हिसिंगला आपल्याकडे गाडी धुतल्यावर खालून डिझेल आणि जळक्या ऑइलची फवारणी मारतात, चेसिस गंजू नये म्हणून, ती चेसिसला चांगली असेल पण रबराला विष आहे, रबर फुगतं आणि मऊ पडतं. सील बदललं, आणि फवारणीच्या वेळी मी आता स्वतः उभा राहून मधला भाग प्लास्टिकच्या पिशवीने बांधून घेतो. तिसरं म्हणजे दोन वर्षांपूर्वी मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये एक जादा पाटा घातलेला, त्याने गाडी मागून उचलली गेली आणि डिफरन्शियलचं तोंड बदललं. तो काढून टाकला, त्याबदल्यात ७५ क्रेट भरायचं बंद केलं, ६५ च. वडिलांना हे पटायला वेळ लागला, पण पटलं.

तर जुलैअखेर बसवलं त्याला आता नऊ महिने झाले. पूर्ण उरलेला पावसाळा माळशेजमध्ये गेला, धबधब्याचं पाणी रस्त्यावरून वाहत असतं तिथून आठवड्याला दोन-तीनदा, तरी बेअरिंगला आवाज नाही. हे बेअरिंग सीलबंद आहे, ग्रीसचं निपल नाही, त्यामुळे प्रेशरच्या पाण्याची नळी त्याच्या तोंडावर धरू देत नाही. क्रॉसला मात्र निपल आहेत, दर तीन हजारला ग्रीस मारतो, चारही कपांमधून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत. महिन्यातून एकदा हाताने शाफ्ट ढकलून बघतो, रबर दबतं आणि परत येतं, चीर नाही.

तक्रार एकच. रिकाम्या गाडीत ७० च्या पुढे हलकी थरथर येते, स्टिअरिंगमध्ये नाही, सीटमध्ये. काकांचं म्हणणं मागच्या तुकड्याचं बॅलन्सिंगचं वजन कधीतरी निघून पडलंय, वेल्डिंगची खूण दिसते पण पत्रा नाही. टोमॅटोचा सीझन अंगावर आलाय, आठवडाभर गाडी उभी करणं जमत नाही, म्हणून बॅलन्सिंग पावसाळा लागल्यावर करणार आहे, तोपर्यंत ६५ च्या वर गाडी नेत नाही.