अंड्यांचं पाकीट वाचायला शिकले: सात महिन्यांचा अनुभव

सप्टेंबरमध्ये आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी प्रथिनं वाढवायला सांगितली आणि आठवड्याला सहा अंडी लागणाऱ्या आमच्या घरात पंचवीस-तीस लागायला लागली. तोवर मी नाक्यावरच्या दुकानातून सुटी पांढरी अंडी आणायचे, कधी विचारही केला नव्हता. पण आजारी माणसाला द्यायचं म्हटल्यावर सल्ले सुरू झाले. आत्या म्हणाली गावरानच दे, शेजारच्या काकू म्हणाल्या तपकिरी घे, त्यात ताकद जास्त. मग तिन्ही आणायला लागले आणि एका वहीत टिपून ठेवायला लागले.

पहिली चूक माझीच झाली, आणि ती महत्त्वाची आहे म्हणून आधी सांगते. पाकिटावर 'प्रथिने १३ ग्रॅम' वाचून मी ते एका अंड्याचं धरलं. सकाळी दोन अंडी दिली की सव्वीस ग्रॅम झाले, असा माझा हिशोब. तीन आठवड्यांनी भावाने तो तक्ता नीट वाचला. ते आकडे १०० ग्रॅमचे होते, म्हणजे साधारण दोन अंड्यांचे. एका अंड्यात सहा-साडेसहा ग्रॅमच. आईला मी ठरल्याच्या निम्मंच देत होते. ओमेगा-३ चा ठळक आकडाही बहुतेक वेळा असाच १०० ग्रॅमचा असतो, हे त्या दिवसापासून बघायला लागले.

त्यानंतर स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. पाकिटावर 'मोठी' असं लिहिलेलं असतं, खाली मात्र फक्त '६ नग'. माझ्याकडच्या पाकिटांवर तरी ग्रॅम कुठेच नव्हते. अ‍ॅगमार्क या शेतमालाच्या सरकारी गुणवत्ता-चिन्हाच्या प्रतवारीत ५३ ते ५९ ग्रॅमचं अंडं मोठं, ४५ ते ५२ चं मध्यम आणि ६० च्या वरचं अतिमोठं धरतात. माझ्या वहीतली सरासरी अशी: सुटं पांढरं ५४ ग्रॅम, पाकिटातलं तपकिरी ५७, गावरान ४२. पांढरं साडेसात रुपयांना, तपकिरी पंधराला आणि गावरान चौदाला मिळत होतं. १०० ग्रॅमला भाव काढला तर पांढरं १४ रुपये, तपकिरी २६ आणि गावरान ३३. एवढा फरक मलाही अपेक्षित नव्हता.

तो फरक कशाचा, तर रंगाचा नक्कीच नाही. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो. व्हाइट लेगहॉर्नच्या वंशाच्या कोंबड्या पांढरी अंडी देतात, ऱ्होड आयलंड रेड तपकिरी. आतला ऐवज खाद्यावर अवलंबून. बलकाचा गडद केशरी रंगसुद्धा मक्यातून किंवा खाद्यात मिसळलेल्या झेंडूच्या अर्कातून येऊ शकतो, म्हणून रंग बघून ताकद मोजणं मी सोडलं. जवसावर वाढवलेल्या कोंबडीच्या अंड्यात ओमेगा-३ खरंच वाढतं, ते मी मान्य करते. आई मासे खात नाही, त्यामुळे आठवड्यातले दोन दिवस तसलं पाकीट आजही आणते.

पाकिटावरच्या बाकीच्या शब्दांपैकी 'हार्मोन नाहीत' यासाठी मी एक रुपयाही जास्त देणार नाही. अंड्यांच्या कोंबड्यांना हार्मोन देतच नाहीत. 'शाकाहारी खाद्य' वाचून काकूंना बरं वाटतं, पण मोकळी कोंबडी किडे-अळ्या टिपूनच खाते, तो तिचा नैसर्गिक आहार आहे. 'अँटिबायोटिकमुक्त' हा दावा मात्र मोलाचा आहे. तो घरी तपासता येत नाही, म्हणून ज्या पाकिटावरचा क्यूआर कोड उघडल्यावर त्या मालाचा प्रयोगशाळेचा अहवाल दिसतो, तेच मी घेते. एफएसएसएआय, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या परवान्याचा चौदा आकडी क्रमांकही बघते. सुरुवातीला ११५ किंवा २१५ असेल तर परवाना किंवा नोंदणी महाराष्ट्रातली.

गावरानच्या बाबतीत मन दुखावलं. आठवडी बाजारात एकाकडून दोन डझन घेतली. सगळी एकसारखी, गडद आणि चांगली ५५ ग्रॅमची. घरी साध्या कोमट पाण्यात चोळली तर बोटं तपकिरी झाली आणि खालून पांढरं कवच निघालं. चहाच्या पाण्यात बुडवलेली होती. (व्हिनेगरने तपासू नका, त्याने खऱ्या तपकिरी अंड्याचाही रंग उतरतो.) खरी गावरान अंडी लहान, फिकट आणि एकमेकांपासून थोडी वेगळी असतात. आता मावशींच्या ओळखीतल्या एका घरून महिन्यातून एकदा येतात, चवीसाठी. त्या अंड्यांची पोळी खरंच सुरेख लागते.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो तारखेचा. 'बेस्ट बिफोर' नव्हे, पॅकिंगची तारीख. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात. त्यातून आतला ओलावा जातो, हवा शिरते आणि बोथट टोकाची पोकळी वाढत जाते. जुनं अंडं पाण्यात तरंगतं ते यामुळेच. अंधारात मोबाइलचा टॉर्च बोथट टोकाला लावला तर पांढऱ्या अंड्यात ही पोकळी स्पष्ट दिसते. एकदा मोठ्या दुकानातून आणलेल्या पाकिटावर तारीख शिल्लक होती, तरी सहातली दोन पाण्यात उभी राहिली आणि एक फोडताच वास आला. पाकीट काचेच्या दाराशी, उन्हात ठेवलेलं होतं. छापलेली तारीख त्या उन्हाचा हिशोब धरत नाही.

म्हणून आता एप्रिलमध्ये माझा भर दुकानावर आहे. नाक्यावरच्या दादांकडे रोज सकाळी ट्रे येतो आणि संध्याकाळपर्यंत संपतो. एनईसीसी, म्हणजे राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचा त्या दिवसाचा भाव ते विचारल्यावर लगेच सांगतात. आईसाठीची रोजची अंडी तिथूनच येतात, पांढरी, सुटी. आणल्यावर न धुता, बोथट टोक वर करून फ्रिजच्या आतल्या कप्प्यात ठेवते; दारात नाही, तिथे सतत हिंदकळतात आणि गरम हवा लागते. उकडायची असतील तर पाच-सहा दिवसांची जुनी घेते, कारण ताज्याचं कवच सोलताना पांढरं सोबत निघून येतं आणि आईला ते अर्धवट अंडं बघून वाईट वाटतं.

तिला आता सकाळी तीन लागतात. काठी न घेता ती ओट्यापर्यंत येते आणि स्वतः फोडते.