चार रविवार नामिबियाच्या राज्यघटनेसोबत : गंगापूर रोडवरील एका अभ्यासवर्गाविषयी

नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका अभ्यासिकेने स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांसाठी आणि माझ्यासारख्या जिज्ञासू नागरिकांसाठी आफ्रिकेतील घटनानिर्मितीवर चार रविवारांचा वर्ग घेतला. शुल्क ६०० रुपये होते. साऱ्या खंडाची धावती सफर न घडवता एकटा नामिबिया निवडला, हा आयोजकांचा निर्णय मला फार पटला. आपल्या द्राक्ष निर्यातदारांना हा देश युरोपच्या बाजारात आपल्याआधी माल उतरवणारा म्हणून ठाऊक आहे. त्याच्या राज्यघटनेविषयी मात्र मराठीत सहसा काही ऐकायला मिळत नाही.

दुसरा रविवार सर्वांत मोलाचा ठरला. नोव्हेंबर १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली (त्या मोहिमेचे सेनाप्रमुख आपले लेफ्टनंट जनरल दिवाण प्रेमचंद होते, हे मला तेथेच कळले) ७२ सदस्यांची घटनासभा निवडली गेली. स्वातंत्र्यलढा लढलेल्या स्वापो पक्षाला ४१ जागा मिळाल्या, तर घटना संमत होण्यासाठी दोन तृतीयांश, म्हणजे ४८ मते हवी होती. शिकवणाऱ्या मॅडमनी हे आकडे फळ्यावर लिहून आमचे गट पाडले आणि कमी पडणारी सात मते कोणती तडजोड करून मिळवाल, असे विचारले. तासभर चाललेल्या त्या वाटाघाटींतून, विजयी पक्षालाही विरोधकांशी बोलणे का भाग पडले आणि ९ फेब्रुवारी १९९० रोजी घटना एकमताने का स्वीकारली गेली, हे कोणत्याही टिपणापेक्षा अधिक स्पष्ट झाले. आपल्याकडे घटनेची मूलभूत संरचना, म्हणजे दुरुस्ती करूनही संसदेला नष्ट करता न येणारा गाभा, सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात सांगितली. नामिबियाने मात्र मूलभूत हक्कांचा संकोच करणारी दुरुस्ती वैध ठरणार नाही, असे कलम १३१ मध्ये आरंभीच लिहून ठेवले. ही तुलना मांडण्याची त्यांची हातोटी खरोखर वाखाणण्याजोगी होती.

तिसऱ्या रविवारी निराशा झाली. १९९४ च्या निवडणुकीत स्वापोला ७२ पैकी ५३ जागा मिळाल्या, त्यामुळे तडजोडीची गरजच उरली नाही, आणि १९९८ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने पहिले राष्ट्राध्यक्ष सॅम नुयोमा यांच्यापुरती दोन कार्यकाळांची मर्यादा सैल करण्यात आली. पहिल्या वेळी त्यांची निवड जनतेने नव्हे, घटनासभेने केली होती, हे समर्थन वर्गात जणू निर्विवाद असल्याप्रमाणे सांगून विषय वीस मिनिटांत आटोपला. मला ते मान्य नाही. एका व्यक्तीसाठी नियम बदलणे तांत्रिकदृष्ट्या वैध असले, तरी ज्या मर्यादेवर साऱ्यांनी एकमताने सही केली, ती बहुमताच्या बळावर हलवणे योग्य होते का, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवायलाच हवा होता. निवडणूक तोंडावर असताना संसदेच्या कनिष्ठ सभागृहातील मतदानाचा हक्क असलेल्या सदस्यांची संख्या ७२ वरून ९६ करणारी २०१४ ची दुरुस्ती तर केवळ उल्लेखापुरती आली.

छायाप्रती फिकट होत्या, आणि घटनेची कलमे फक्त इंग्रजीत दिल्याने ग्रामीण भागातून आलेल्या काही मुलांची अडचण झाली; निदान दहा-बारा कलमांचा मराठी अनुवाद द्यावा, असे मी आयोजकांना लेखी कळवले आहे. पुढील वर्गात १९९८ च्या दुरुस्तीसाठी एक पूर्ण रविवार राखला, तर मी पुन्हा शुल्क भरून बसेन.