भिंतीत बसवायच्या ४०० लिटरच्या रीफ टाकीचा (प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाचा) तयार संच: काच उत्तम, पुस्तिका धोक्याची

समोरची काच कमी लोहाची आहे. हिरवट झाक नाही, प्रवाळांचे रंग खरे दिसतात. सांध्यांचं सिलिकॉनही सफाईदार.

अडचण वर आहे. टाकीच्या कडेपासून चौकटीपर्यंत जेमतेम २० सेंटिमीटर जागा उरते. खडक आत न्यायला, मोठा प्रवाळ हलवायला किमान ४५ हवेत. त्यामुळे मागच्या बाजूचं भोक नकाशापेक्षा उंच घ्या. संचात एक्झॉस्ट पंखा नाही, तो लावाच. दमट हवा पोकळीत कोंडली की प्लास्टर फुगतं, बुरशी धरते. नुसतं पाणीच सुमारे ४१० किलो भरतं, तेव्हा जमिनीची ताकद आधी तपासून घ्या.

सम्प, म्हणजे पाणी गाळण्यासाठीची खालची टाकी, पुरेसा मोठा आहे. तरी रिटर्न पाइपचं (सम्पमधलं पाणी परत वर नेणाऱ्या नळीचं) तोंड पाण्याच्या पृष्ठभागाच्या जरासंच खाली ठेवा, नाहीतर वीज गेल्यावर सायफनने टाकी रिकामी होत सम्प ओसंडतो.

पुस्तिका मात्र जुन्या टाकीतली वाळू तशीच नव्या टाकीत हलवायला सांगते. हे अजिबात करू नका! खालच्या थरातला हायड्रोजन सल्फाइड आणि अमोनिया मोकळा होऊन मासे मरू शकतात. नवी वाळू घ्या. जिवंत खडक (ज्यांत उपयोगी जिवाणू आणि छोटे जीव वसलेले असतात) पाण्यातच न्या. स्पंजांना हवा लागू देऊ नका. नवं खारं पाणी आदल्या दिवशी कालवून क्षारता ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ) आणि तापमान २५-२६ अंशांवर आणा.

दिवे जोरदार आहेत. निम्म्या तेजावर सुरू करून तीन-चार आठवड्यांत वाढवा. पहिला आठवडा अमोनिया रोज तपासा.