नवा कन्सोल: आल्या आल्या घ्यायचा की थांबायचं? सोलापूरकराचा हिशेब

नवा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून किंवा हातात धरून गेम खेळायचं मशीन, जाहीर झाला की घरातून एकच सल्ला मिळतो: ‘थांब जरा, वर्षभरात स्वस्त होईल.’ एके काळी ते खरं होतं. निन्टेन्डो कंपनीचा थ्रीडीएस हा हातात धरायचा कन्सोल २०११ मध्ये अमेरिकेत २५० डॉलरला आला आणि सहा महिन्यांच्या आत १७० वर उतरला. ज्यांनी आधी घेतला होता त्यांची कंपनीने २० जुने गेम फुकट देऊन समजूत काढली.

आता वारं उलटं आहे. सोनीचा पीएस५ (प्लेस्टेशन ५) भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला ४९,९९० रुपयांना आला, पुढे तोच ५४,९९० ला गेला. अमेरिकेत निन्टेन्डोचा २०१७ चा पहिला स्विच ऑगस्ट २०२५ मध्ये ३०० वरून ३४० डॉलर झाला. आठ वर्षांचं जुनं मशीन, आणि महाग! सणासुदीला सेल लागतो, थोडे पैसे सुटतात, पण तेवढंच. फक्त किमतीसाठी थांबणार असाल तर थांबू नका. या एका मुद्द्यावर लवकर घेणारा जिंकतो.

बाकीचे मुद्दे मात्र थांबणाऱ्याच्या बाजूला पडतात, आणि त्यातला सगळ्यात मोठा गेमचा.

पीएस५ चीच पहिली दोन वर्षं बघा. होरायझन फॉरबिडन वेस्ट, ग्रॅन टुरिझ्मो ७, गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक ही २०२२ ची तिन्ही बडी नावं आधीच्या पीएस४ वरही आली. नव्या मशीनवर चित्र छान दिसायचं, लोडिंग झटपट व्हायचं, हे मान्य. पण ज्याच्याकडे पीएस४ होता त्याची गोष्ट काही अडली नाही. शिवाय पहिल्या पीएस५ मध्ये गेम साठवायच्या ८२५ जीबी जागेपैकी हाताशी राहायचे ६६७, आणि जास्तीची एसएसडी (साठवणुकीची चिप) बसवायची खाच असूनही ती चालू झाली सप्टेंबर २०२१ च्या अपडेटने. तोवर एक गेम उडवा, दुसरा टाका. नंतरच्या स्लिम या सडपातळ पीएस५ मध्ये सरळ १ टीबी मिळाली.

पहिल्या खेपेच्या मालाचे दोषही वापरणाऱ्यांच्याच हातात उघडे पडतात. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० कन्सोलवर मशीन बिघडलं की लागणारे लाल दिवे आठवत असतील. मायक्रोसॉफ्टला २००७ मध्ये त्या बिघाडाची वॉरंटी तीन वर्षांची करावी लागली आणि १०० कोटी डॉलरहून जास्त रक्कम त्यासाठी बाजूला काढावी लागली. पहिल्या स्विचची बॅटरी २०१९ च्या सुधारित मॉडेलमध्ये बरीच वाढली. आधी घेणारे जुन्याच बॅटरीवर राहिले.

आता निन्टेन्डो स्विच २. हा प्रकार वेगळाच, कारण कंपनी तो भारतात स्वतः विकत नाही. तुम्हाला मिळेल तो बाहेरून आणलेला. नवी पेठेत किंवा पुण्यात विचारलंत तर ‘दुकानाची वॉरंटी आहे ना साहेब’ असं उत्तर येईल. बिलावर तसा शिक्का मारून घ्या, पण त्या शिक्क्यामागे कंपनी उभी नसते हे लक्षात असू द्या. जपानहून कोणी भाऊ-भाचा आणणार असेल तर त्याला आधीच बजावा: तिथे २०२५ मध्ये ४९,९८० येनला आलेला जो स्वस्त स्विच २ आहे तो फक्त जपानी भाषेचा आणि जपानी अकाउंटचा. सगळ्या भाषांचा तेव्हा ६९,९८० येनला होता. दुकानात घेत असाल तर खोकं फोडून, सेटिंगमध्ये भाषा इंग्रजी करून दाखवायला सांगा; दुकानदार कुरकुर करेल, करू द्या. स्विच २ चे बरेच गेम ‘गेम-की कार्ड’वर येतात. त्या कार्डात गेम नसतोच, नुसती किल्ली; सगळा माल नेटवरून उतरवावा लागतो.

आणि जाहीर झालं म्हणजे इथे येईलच असंही नाही. पीएस५ प्रो हे जास्त ताकदीचं मॉडेल नोव्हेंबर २०२४ मध्ये जगभर आलं, पण त्यातल्या ६ गिगाहर्ट्झ वायफायला तेव्हा भारतात परवानगी नव्हती म्हणून भारत वगळला गेला.

सोलापूरचं म्हणून एक सांगतो. पीएस५ असो की स्विच २, दोन्ही कंपन्या ५ ते ३५ अंश तापमानात वापरा म्हणतात. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४२-४३ असतं, आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी काय होतं ते सांगायला नको. पूर्व भागात राहत असाल, शेजारी यंत्रमाग चालत असतील, तर सुताची बारीक धूळ पंख्याच्या जाळीवर पांढऱ्या लेपासारखी बसते. पीएस५ ची बाजूची पट्टी निघते, आत धूळ साठायला दोन खास भोकं आहेत, तिथून व्हॅक्यूमने ओढून काढता येते. नवं मशीन कुठलंही असो, ते असं उघडता येतं का हे आधी बघा. कपाटाच्या बंद खणात ठेवायचं असेल तर घेऊच नका.

मग घ्यावं कोणी? ज्याच्याकडे आधीचा एकही कन्सोल नाही, मशीन भारतात अधिकृत विकलं जातंय, आणि एक तरी गेम असा आहे जो दुसरीकडे कुठेच मिळणार नाही, त्याने खुशाल लवकर घ्यावं. घेताना गेमची डिस्क चालणारंच मॉडेल घ्या. नवा गेम पाच हजारांच्या घरात जातो. डिस्क असली की खेळून झाल्यावर विकता येते, मित्राशी बदलता येते. डिजिटलवाल्याला, म्हणजे गेम फक्त नेटवरून उतरवणाऱ्याला, ती सोय नाही.

ज्याचा पीएस४ अजून धडधाकट आहे त्याला माझं मत विचाराल तर नव्याची घाई नको, पण पीएस४ वरही अडकून राहू नका. जीटीए ६ हा बहुचर्चित गेम पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीज (मायक्रोसॉफ्टचे नवे कन्सोल) यांच्यासाठीच जाहीर झालाय, पीएस४ त्या यादीत नाही. सेलमध्ये डिस्कवाला पीएस५ स्लिम मिळाला तर तो घ्या, आणि नव्याचं पहिलं वर्ष दुसऱ्यांना खेळू द्या.