नवी चाकं म्हणून गळ्यात मारलेलं भंगार

दिवाळी झाली की सोलापुरात रोड सायकलींचा हंगाम सुरू होतो आणि त्याच सुमारास सायकलचं सामान विकणारे हंगामी व्यापारीही उगवतात. त्यातल्या एकाने मला साडेसहा हजारांना चाकांची जोडी विकली. सांगितली नवी, निघाली भंगारातली. माणूस अजून धंद्यात आहे, संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेच्या आसपास त्याच्याकडे नवा लॉट येतो म्हणतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी मला काय हवं होतं ते सांगतो, कारण सगळी फसवणूक त्यावरच बेतलेली होती. इंग्लंडात थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, ओल असते, म्हणून तिकडचे सायकलवाले भारीतली चाकं काढून ठेवतात आणि हिवाळ्यापुरती दणकट, स्वस्त जोडी लावतात. आपल्याकडे मीठ नाही, पण कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या आहेत. शेतातली काळी माती डांबरावर येते, वाळते, धूळ होते. कडेला पाचट, त्यात सराटे. माझ्या सायकलला रिम ब्रेक आहेत. ही धूळ ब्रेकच्या रबरात रुतून बसते आणि दर ब्रेकला ॲल्युमिनियमची रिम थोडी थोडी खाते. त्यामुळे मलाही हंगामापुरती वेगळी जोडी हवी होती : ३२ तारांची, डबल वॉल (म्हणजे दुहेरी भिंतीच्या, मजबूत) रिमची, तुळजापूरच्या घाटात भरवसा ठेवता येईल अशी, आणि खिशाला झेपणारी.

हे सगळं त्यानेच काढून घेतलं. "मालक, वापर कसा हाय? वजन किती तुमचं? घाट करता का? रिम ब्रेक का डिस्क?" डॉक्टरने विचारावं तसं एकेक विचारलं, मान डोलावली, आत गेला आणि जोडी घेऊन आला. नेमकी ३२ तारांची. नेमकी डबल वॉल. तारा स्टेनलेस, हब (चाकाचा मधला तुंबा) सील्ड, म्हणजे बंद डबीतल्या बेअरिंगचं, 'मुंबईहून आलेला इम्पोर्टचा शिल्लक माल'. त्याची सगळी कला इथे आहे. माल एकच असतो, शब्द गिऱ्हाइकाचे असतात. पुढे कळलं की माझ्या ओळखीतल्या एकाने त्याच्याकडे हलकी चाकं मागितली होती, तर त्याला असलीच जोडी 'रेसिंगची' म्हणून दाखवली. तेव्हा अशा ठिकाणी गेलात तर आपली गरज आधी सांगू नका. तोच काय सांगतो ते ऐका, आणि जमलं तर ते व्हॉट्सॲपवर लिहून मागा.

मग त्याने खेळ करून दाखवला. एक्सलची दोन टोकं दोन हातांच्या बोटांत धरली आणि मला चाक फिरवायला लावलं. चाक फिरतच राहिलं. "बघा, थांबतंय का? सील्ड हाय, आवाज तरी येतो का?" बघणारा गार होतो. त्यामागचं कारण मला नंतर एका मिस्त्रींच्या दुकानात कळलं.

तुळजापूर रस्त्यावर हिप्परग्याच्या तलावाच्या पुढे, सपाट रस्त्यावर, मागच्या चाकात टण् आवाज झाला. चेनच्या बाजूची एक तार हबपाशी, वाकणावरच तुटली होती. तार तुटणं हा काही गुन्हा नाही, ३२ तारांच्या चाकात एक गेली तरी हळूहळू घरी येता येतं, म्हणून तर ३२ घ्यायच्या. पण चाक इतकं आउट झालं, म्हणजे एका बाजूला वाकलं, की दर फेऱ्याला ब्रेक शूला घासत होतं. मागचा ब्रेक ढिला करून, पुढच्या ब्रेकवर परत आलो. त्या पुढच्या रिमची अवस्था तेव्हा माहीत असती तर टेम्पो केला असता.

अशोक चौकाकडे एक जुने मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे चाकं दिली. खाली पडलेले छर्रे उचलायला त्यांच्या ट्रेमध्ये एक लोहचुंबक असतं. त्यांनी काही न बोलता ते तारांना लावलं. खटकन चिकटलं. चांगल्या स्टेनलेस तारेला चुंबक लागतच नाही असं नाही, तार ओढताना तिच्यात थोडं चुंबकत्व येतं, पण ओढ अगदी हलकी असते. इथे तर अख्खी तार ओढून येत होती. म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली साधी लोखंडी तार. मग तारांची डोकी बघितली. काहींवर अक्षर, काही कोरी, काहींवर वेगळीच खूण. तीन-चार चाकांतल्या तारा उपटून एकात भरलेल्या. चांगल्या कंपन्यांच्या तारांच्या डोक्यावर खूण असते, आणि नव्या चाकात ती सगळ्यांवर सारखी असते. हे बघायला काही खोलावंही लागत नाही.

हबवर शिमानो या जपानी कंपनीचं स्टिकर होतं. शिमानोची रोड हबं बहुतेक कप-कोनची, सुट्या छर्र्यांची असतात, त्यामुळे 'शिमानो' आणि 'सील्ड कार्ट्रिज' एका दमात ऐकलं की तिथूनच उठावं. शिवाय खऱ्या हबच्या अंगावरच क्रमांक असतो, पुढच्याचा एचबी आणि मागच्याचा एफएच या अक्षरांनी सुरू होणारा. इथे रबरी टोपी उचकटली तर खाली सुटे छर्रेच निघाले, आणि ग्रीसच्या जागी काळं पातळ तेल. हाच तो फिरणाऱ्या चाकाचा खेळ. ग्रीस घट्ट असतं, त्यात चाक लवकर थांबतं. मशीनचं तेल टाकलं की हातात धरलेलं, भार नसलेलं चाक कितीही वेळ फिरतं. पण ते तेल वाहून जातं, धूळ आत शिरते, कपला खड्डे पडतात. ते पडलेलेच होते, मिस्त्रींनी नख फिरवून दाखवले.

तारांनी आणि हबने पैसे खाल्ले, रिमने मात्र जीव घेतला असता. टायर काढलं तर हवेच्या नळीच्या भोकात आतल्या बाजूला काळ्या रंगाचे फवारे. कारखान्यात रंगवलेली रिम अशी दिसत नाही. स्टिकर नखाने उचलला, खाली दुसऱ्याच लांबीच्या जुन्या स्टिकरची फिकी सावली. ब्रेक लागतो त्या पट्ट्यावर मिस्त्रींनी स्टीलची पट्टी आडवी टेकवली आणि उजेडासमोर धरली. पट्टीखाली मधोमध उजेड. म्हणजे भिंत घासून आत गेलेली. बऱ्याच रिमवर त्या पट्ट्यात झिजेची खूण म्हणून बारीक खाच किंवा ठिपक्याएवढा खड्डा असतो. तो दिसेनासा झाला की रिम संपली. आमच्या रिमवर खड्ड्याचा नुसता डाग उरला होता, आणि जुने ओरखडे लपवायला वरून पॉलिश पेपर मारला होता. भिंत एक मिलिमीटरच्याही खाली गेली होती. अशा रिममध्ये ८०-९० पीएसआय हवा भरून उतारावर ब्रेक दाबला तर भिंत बाहेरच्या बाजूला फाटू शकते, आणि पुढचं चाक तसं जाम झालं तर माणूस हँडलवरून जातो.

डबल वॉल मात्र खरंच होती, तेवढं खोटं बोलला नाही. मेलेल्या डबल वॉल रिमचा उपयोग काय, ते वेगळं.

परत गेलो तर भाषा बदललेली. "मालक, खड्ड्यात घातली असंल. चाकाची गॅरंटी नसती." पावती कच्ची, तिच्यावर लिहिलेलं 'सायकल सामान १ सेट'. रिमचं माप नाही, हबचा क्रमांक नाही, जीएसटी नंबर नाही. यूपीआयने पैसे गेले ते भलत्याच नावावर. पावतीवर '६२२ मापाची नवी रिम, ३२ स्टेनलेस तारा, हबचं मॉडेल अमुक' एवढी एक ओळ मागितली असती तर हा माणूस तिथेच गळपटला असता. ज्याला ती लिहायची नसते तो "कशाला एवढं, घरचंच दुकान हाय" म्हणतो.

माझ्या बाजूने होते ते त्याचे व्हॉट्सॲप मेसेज : 'ब्रँड न्यू, सील्ड, एसएस तारा'. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली आणि रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षांची, हे त्यालाही ठाऊक असावं. नोटीस मिळाल्यावर निम्मे पैसे आले, वर "विषय मिटवा" असा फोन.

दरम्यान मिस्त्रींनी जवळपास तेवढ्याच पैशात चाकं बांधून दिली. ३२ भोकांची खरी नवी रिम, २ मिलिमीटरच्या स्टेनलेस तारा, प्रत्येक तार तिघींना ओलांडून विणलेली, निपल पितळेचे (ॲल्युमिनियमचे गंजून तारेला धरतात, मग आउट काढताना त्यांचे कोपरे झिजून गोल होतात), आणि साधं कप-कोनचं हब. त्याचे छर्रे पुढे ३/१६ इंची, मागे १/४ इंची, कुठल्याही सायकल दुकानात मिळणारे. वजन जास्त आहे. घाटात जाणवतं. जाणवू दे.

उरलेल्या पैशांसाठी आयोगात तक्रार टाकतोय. त्याच्याकडून कोणी चाकं घेतली असतील तर आत्ताच्या आत्ता पुढच्या रिमला पट्टी लावून बघा. उजेड दिसला तर ती चाकं चालवू नका, पण भंगारातही देऊ नका. खोलायच्या आधी स्टिकर, तारांची डोकी आणि नळीच्या भोकाचे फोटो काढा, आणि ती कच्ची पावती जपून ठेवा. आयोगात दाखवायला ती लागेल.