लीडला हवामान जोडलं, त्याचा ८ महिन्यांचा अनुभव: एन८एन आणि ओपनवेदरमॅप

आमचं काम छताच्या गळतीचं, वॉटरप्रूफिंगचं. यात लीड (म्हणजे नवीन गिऱ्हाईकाची चौकशी) येते पाऊस पडायला लागला की, आणि काम करता येतं पाऊस थांबून छत सुकलं की, म्हणजे ज्या कारणाने गिऱ्हाईक फोन करतं त्याच कारणाने आपल्याला त्याच्याकडे लगेच काम सुरू करता येत नाही. आमचे सेल्सवाले मोबाईलवर हवामान बघून अंदाजाने तारखा द्यायचे, तारीख हुकली की गिऱ्हाईक चिडायचं आणि ते बरोबरच होतं. म्हणून लीडच्या सॉफ्टवेअरला हवामानाचा डेटा जोडायचं ठरवलं आणि मधली जोडणी करायला एन८एन घेतलं. ८ महिने रोज वापरतेय, त्यामुळे आता मन लावून लिहिते.

एन८एन माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. बर्लिनमध्ये २०१९ साली सुरू झालेलं वर्कफ्लो ऑटोमेशनचं, म्हणजे कामांची साखळी आपोआप चालवणारं टूल आहे, स्क्रीनवर नोड (एकेका कामाचे ठोकळे) ठेवायचे, रेघेने जोडायचे, एका नोडमधून डेटा दुसऱ्यात जातो. स्वतःच्या सर्व्हरवर डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवायची सोय) चालवता येतं आणि आपल्या धंद्याच्या अंतर्गत कामासाठी तसं वापरायला लायसन्स फी लागत नाही. क्लाउड घेतलं तर वर्कफ्लो एकदा पूर्ण चालला की एक एक्झिक्युशन मोजतात, आत ५ नोड असोत की २५. झेपियर या तशाच दुसऱ्या टूलमध्ये प्रत्येक ॲक्शनचा वेगळा टास्क मोजला जातो. आमच्या एका लीडमागे ७-८ स्टेप होतात त्यामुळे हा फरक आम्हाला मोठा होता.

हवामानासाठी ओपनवेदरमॅप ही हवामानाचा डेटा देणारी सेवा घेतली कारण तिचा तयार नोड एन८एनमध्येच आहे. ५ दिवसांचा फोरकास्ट दर ३ तासांच्या टप्प्याने मिळतो म्हणजे एका हाकेत (कॉलमध्ये) ४० नोंदी, फुकटच्या प्लॅनमध्ये मिनिटाला ६० कॉल करता येतात, आम्हाला तेवढे पुरून उरतात. ओपन-मेटिओ पण चांगलं आहे, त्याला की (नोंदणी करून मिळणारा कोड) सुद्धा लागत नाही, पण ती फुकटची सोय बिगर-व्यावसायिक वापरासाठी आहे, धंद्यासाठी पैसे भरून प्लॅन घ्यावा लागतो, बरेच जण हे न वाचताच लावून टाकतात.

पहिली जोडणी एका दुपारी झाली. लीड आली की वेबहुक (लीडचं सॉफ्टवेअर ज्या वेब पत्त्यावर नवीन लीड पाठवतं तो), मग पिनकोडवरून अक्षांश-रेखांश, मग फोरकास्ट, मग इफ नोड (अट तपासणारा), मग लीडच्या कार्डवर (सॉफ्टवेअरमधल्या तिच्या पानावर) नोट. एक सांगते, वेबहुकचे दोन पत्ते असतात, टेस्टचा आणि प्रॉडक्शनचा, टेस्टचा पत्ता आपण समोर बसून बटण दाबलं असेल तेवढाच वेळ ऐकतो. मी गडबडीत टेस्टचाच पत्ता देऊन घरी गेले आणि त्या संध्याकाळच्या लीड हवामानाशिवाय पडून राहिल्या. तुम्ही लावाल तेव्हा हे आधी तपासा.

दुसरं युनिटचं. एपीआयला, म्हणजे हवामानाची सेवा ज्या वाटेने डेटा देते तिला, थेट हाक मारताना युनिट सांगितलं नाही तर तापमान केल्विनमध्ये येतं. आमचा नियम होता ३५ च्या वर असेल तर "कडक ऊन, कोटिंग सकाळी लावा" असा टॅग, आणि आकडा येत होता ३००, म्हणजे खरे २७ अंश. सगळ्याच लीड कडक उन्हाच्या निघाल्या. मेट्रिक लावलं की तापमान सेल्सियसमध्ये येतं, पण वारा मात्र मीटर प्रति सेकंदच असतो, त्याला ३.६ ने गुणा, १० आलं तर ताशी ३६ किलोमीटर, आणि उतरत्या छतावर माणूस चढवायचा असेल तर हा आकडा पावसाइतकाच महत्त्वाचा. आणि पाऊस नसेल त्या नोंदीत पावसाचं फील्डच नसतं, शून्य येत नाही, त्यामुळे "नसेल तर ० धर" असं लिहिल्याशिवाय पुढचं गणित फसतं.

पण यातलं काहीच खरं अवघड नव्हतं. चूक झाली ती विचारात. मी हवामानाचा एक स्कोअर करून लीडच्या स्कोअरमध्ये (कुठल्या लीडला आधी फोन करायचा ते ठरवणारे गुण) मिसळला होता. पाऊस येणार असेल तर गुण जास्त, कारण गिऱ्हाईकाला घाई. मग एक कार्ड आलं, गिऱ्हाईकाने लिहिलं होतं "बेडरूमच्या कोपऱ्यात टपकतंय, बादली लावलीये, लहान मूल आहे". खाली वर्कफ्लोची नोट, पुढच्या ३ टप्प्यांत ६.२, ४.१ आणि ०.९ मिलिमीटर पाऊस. स्कोअर सगळ्यात वर. आमच्या सेल्सच्या मुलाने लगेच फोन केला, छान केलं, आणि स्कोअर एवढा वर आहे म्हणून दुसऱ्या दिवशीची सकाळची वेळ पण देऊन टाकली. माणसं गेली, छत ओलंगच्च, कोटिंग लावता येईना, परत आली. त्या बाईंना मी स्वतः फोन केला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "आधी सांगितलं असतं तर मी ताडपत्री तरी टाकून घेतली असती."

तेव्हा कळलं की पाऊस लीडच्या दोन गोष्टी उलट्या दिशांना ओढतो, फोन लवकर करायला लावतो आणि काम पुढे ढकलतो. एका आकड्यात दोन्ही बसवले की सेल्सवाल्याला त्यातलं काहीच दिसत नाही. आता दोन वेगळी फील्ड आहेत, "फोन कधी" आणि "काम कधी". काम कधी हे काढताना लागोपाठ ८ नोंदी म्हणजे २४ तास कोरडे शोधतो, आणि त्याच्याआधी छत सुकायला वेळ धरतो. मधे पाऊस असेल तर फोनवर तात्पुरती ताडपत्री टाकायचं सांगायचं, हे वाक्य नोटमध्येच येतं.

आणि त्याहून मोठी गोष्ट, फोरकास्ट शिळा होतो. लीड सोमवारी आली, तेव्हाचं हवामान कार्डवर चिकटलं, सेल्सवाला गुरुवारी फॉलोअप करतो आणि सोमवारचंच वाचून दाखवतो. म्हणून लीड येतानाचा वर्कफ्लो आता अगदी छोटा ठेवलाय आणि दुसरा एक रोज सकाळी ७ ला चालतो, फक्त उघड्या लीडसाठी, जुनी नोट पुसून नवीन लिहितो आणि नोटच्या पहिल्या ओळीत किती वाजताचा फोरकास्ट ते असतं. अक्षांश-रेखांश लीडवर एकदाच सेव्ह केलेत, रोज परत शोधत नाही. सेल्फ होस्ट (स्वतःच्या सर्व्हरवर) करत असाल तर टाइमझोन बदलायला विसरू नका, मुळात न्यूयॉर्कचा असतो, तुमचे सकाळचे ७ वेगळ्याच वेळी वाजतील.

लीडच्या सॉफ्टवेअरबद्दल मात्र तक्रार आहे, नाव घेत नाही. आमच्याकडून उत्तर यायला जरा उशीर झाला की तीच लीड दुसऱ्यांदा पाठवतं, मग दोन कार्डं, दोन जणांचे फोन, गिऱ्हाईक वैतागतं. सपोर्टला ३ वेळा लिहिलं, दर वेळी "बघतो". शेवटी वेबहुक नोडला आल्याआल्या लगेच उत्तर द्यायला लावलं आणि पुढे डुप्लिकेट काढणारा नोड टाकला, तो आधीच्या रनमध्ये आलेले लीड नंबर सुद्धा लक्षात ठेवतो. तेव्हापासून शांतता आहे.

एन८एनमधलं मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे झालेला प्रत्येक रन उघडून बघता येतो, कुठल्या नोडमध्ये काय आलं आणि काय बाहेर गेलं. केल्विनचा घोळ मला तिथेच दिसला. आणि नोड फेल झाला तरी पुढे जा असं सेटिंग आहे, हवामानाच्या नोडवर ते लावाच, कारण हवामान मिळालं नाही म्हणून लीड अडकली असं कधीच व्हायला नको. आधी लीड सेव्ह, मग हवामान, हा क्रम आम्ही हलवत नाही.

कोणी घ्यावं? ज्यांचं काम हवामानावर अडतं, सोलर बसवणारे, बाहेरून रंगकाम करणारे, एसी सर्व्हिसवाले, त्यांनी नक्की. टीममध्ये एकाला तरी जेसन (डेटा लिहायची एक मांडणी) वाचता यायला हवं, त्याशिवाय पहिले १५ दिवस जड जातील. सॉफ्टवेअर विकणाऱ्या किंवा विमा विकणाऱ्या टीमला यातून काय मिळेल मला दिसत नाही, उगाच कार्डवर गर्दी.

सध्या पावसाच्या शक्यतेचा कट-ऑफ बदलून बघतेय. तो आकडा ० ते १ मध्ये येतो, आम्ही ०.६ च्या खाली कोरडं धरत होतो आणि गेल्या महिन्यात दोनदा माणसं भिजून परत आली. आता ०.४ केलाय. तारखा जरा लांबच्या द्याव्या लागतात पण अजून एकही फिरवावी लागलेली नाही.