पुस्तक छापायचंय: लगेच कामाला लागणारा डीटीपीवाला बरा की आधी विचारणारा?

स्वखर्चाने पुस्तक काढणाऱ्यांना किंवा संस्थेची स्मरणिका अंगावर घेतलेल्यांना साधारण दोन तऱ्हेचे डीटीपीवाले, म्हणजे संगणकावर पुस्तकाची पानं लावणारे, भेटतात. एक म्हणतो, "फाइल पाठवा, चार दिवसांत पानं लावून देतो." दुसरा आधी विचारत बसतो: आकार डेमी की क्राउन? मजकूर श्रीलिपीत (स्वतःची वेगळी अक्षरपद्धत असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) की युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत)? बांधणी परफेक्ट (कण्याला डिंक लावून) की सेंटर पिन (मधोमध पिना मारून)? पहिला सोयीचा वाटतो. माझा कौल दुसऱ्याला, पण सरसकट नाही.

हँडबिल किंवा चार पानी पत्रिका असेल तर खुशाल पहिल्याकडे जा. तिथे पान समोर आलं की "अक्षर जरा मोठं करा" एवढंच सांगायचं असतं, आणि ते पाच मिनिटांत होतं.

पुस्तकाचं तसं नसतं. डेमी म्हणजे 5.5 बाय 8.5 इंच. 16 पानांचा फर्मा (एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं) धरला तर 160 पानं बरोबर दहा फर्म्यांत बसतात. 164 झाली की वरच्या चार पानांसाठी प्लेट आणि छपाईचा वेगळा खर्च. सुरुवातीलाच विषय निघाला असता तर टाइप अर्धा पॉइंट कमी करून भागलं असतं. सगळी पानं लागल्यावर तोच बदल केला की ओळी सरकतात, पानांचे आकडे बदलतात, अनुक्रमणिका आणि सूची पुन्हा तपासावी लागते.

त्याहून महाग पडतो तो लेखनाचा प्रश्न: "केले, सांगितले" ठेवायचं की "केलं, सांगितलं"? हे न विचारता काम सुरू झालं आणि लेखकाने प्रुफात हरकत घेतली, तर घाईत फाइंड-रिप्लेस मारलं जातं. मग "त्यांनी दोन प्रयोग केले" याचंही "दोन प्रयोग केलं" होतं. अशा चुका संगणक दाखवत नाही. प्रत्येक ओळ माणसानेच वाचावी लागते. श्रीलिपीतला मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं बिघडू शकतात, "दुसऱ्या"तला ऱ्य हमखास बघावा. म्हणून रूपांतर प्रुफाच्या आधी व्हायला हवं, नंतर नाही.

आधी विचारण्याची एक अडचण खरी आहे. पहिलंच पुस्तक असेल तर लीडिंग (दोन ओळींमधलं अंतर) किती, मार्जिन किती, हे लेखकाला फोनवर सांगता येत नाही. वीस प्रश्नांनी तो गांगरतो आणि "तुम्हीच बघा" म्हणून मोकळा होतो. चांगला डीटीपीवाला इथे प्रश्नांची वाटणी करतो. आकार, अंदाजे पानं, बांधणी, लेखनाची पद्धत, हे मागाहून बदलणं जड जातं, म्हणून ते आधी ठरवून घेतो. फॉन्ट आणि मोकळी जागा तो नमुन्याच्या चार पानांवर दाखवतो, तीही कागदावर काढून, कारण स्क्रीनवर अक्षराचा खरा आकार कळत नाही. असा माणूस थोडा महाग पडला तरी घ्यावा, असं मला मनापासून वाटतं. दुसऱ्या-तिसऱ्या प्रुफाचे पैसे आणि डोळे दोन्ही वाचतात.

प्रकाशन समारंभाची तारीख ठरलीय, हॉल घेतलाय आणि हाताशी फक्त झटपट काम करणाराच आहे, असंही होतं. मग न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तुम्हीच एका व्हॉट्सअ‍ॅप मेसेजमध्ये लिहून पाठवा, आणि पहिलं प्रकरण मंजूर केल्याशिवाय पुढची पानं लावू नका, असं त्याला स्पष्ट सांगा.